गुंगी, सुस्ती आणि निवांतपणा
(प्रस्तावना)

आमच्या घरी जायफळाची मात्रा वळशांत मोजली जायची. धाकट्या भावाला रात्री झोप लागेना की आजी सहाण धुऊन घ्यायची, तिच्यावर चमचाभर दूध सोडायची आणि जायफळ फिरवायची. "दोनच वळसे हं," ती आईला बजावायची. "तिसरा झाला तर उद्या दुपारपर्यंत पोर मान वर करायचं नाही." दोन वळसे म्हणजे किती मिलिग्रॅम, हा प्रश्न मला पडायला पुढची पंधरा वर्षे आणि औषधनिर्माणशास्त्राची पदवी लागली. पण आजीच्या त्या एका वाक्यात या विषयातले बरेच काही आधीच येऊन गेले होते. मात्रा होती, मात्रेबरोबर वाढणारा परिणाम होता, तो किती वेळ टिकतो याचा अंदाज होता आणि जास्त झाले तर काय, याचा धाकही होता. एकच गोष्ट तिला सांगता आली नसती. पोर निवांत झोपले आहे की त्याला गुंगी आली आहे, हे ओळखायचे कसे?

(वाचकांनी आजीचा कित्ता गिरवू नये, हे इथेच सांगून टाकते. जायफळ हे स्वयंपाकघरात राहणारे पण चांगलेच तिखट स्वभावाचे औषध आहे. यान पुर्किन्ये या शरीरशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये स्वतः तीन जायफळे खाऊन पाहिली आणि दिवसभर स्वप्न व जाग यांच्या मध्ये कुठेतरी तरंगत राहिला. तान्ह्या बाळावर असले काही करून पाहू नये.)

मराठीत या अवस्थांना शब्दांची कमतरता नाही. माणूस निवांत असतो, शांत असतो, सुस्तावतो, पेंगतो, गुंगतो, झिंगतो, गळाठतो, निपचित पडतो. प्रत्येक शब्दाची छटा वेगळी आणि बोलणाऱ्याला ती नेमकी ठाऊक असते. प्रयोगशाळेतल्या उंदराला यातला एकही शब्द सांगता येत नाही. तो फिरत्या दांडीवरून पडतो, एवढेच आपल्याला दिसते. वनस्पतीच्या अर्काने मन शांत होते का आणि स्नायू सैल होतात का, हे तपासण्याचे शास्त्र म्हणजे त्या पडण्याचा अर्थ लावण्याचे शास्त्र. हे पुस्तक त्याबद्दल आहे.

आधी ती दांडी जवळून पाहू. 'रोटारॉड' या नावाने आम्ही ओळखतो ती चाचणी १९५७ मध्ये डनहॅम आणि मिया यांनी मांडली. यंत्र म्हणायला साधेच. सुमारे तीन सेंटिमीटर जाडीची, पकड मिळावी म्हणून खरखरीत केलेली आडवी दांडी, मिनिटाला वीस-पंचवीस फेरे, दोन उंदरांनी एकमेकांकडे बघत बसू नये म्हणून मध्ये तबकड्या आणि खाली घड्याळ थांबवणारी पट्टी. वीस-पंचवीस ग्रॅमचा पांढरा उंदीर शेपटीला धरून दांडीवर ठेवायचा. निरोगी उंदीर पहिल्यांदा एक-दोनदा घसरतो, मग त्याला लय सापडते आणि तो चालत राहतो. चालता चालता मिशाही साफ करतो. ज्यांना हे मुळातच जमत नाही त्यांना प्रयोगातून वगळायचे. मग अर्क द्यायचा, थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा ठेवायचे. डायझेपाम हे शामक औषध दिलेला उंदीर कसा पडतो हे एकदा पाहिले की विसरत नाही. मागचा पाय उशिरा उचलला जातो, मग तो दांडीखाली लोंबकळतो, पोट दांडीला टेकते आणि दांडी त्याला सावकाश उलटवून खाली सोडते. खाली पडल्यावर तो पळत नाही, तिथेच बसतो.

आता अर्क दिलेला उंदीरही असाच पडला, तर विद्यार्थी वहीत काय लिहितो? 'स्नायू शिथिल करणारा गुणधर्म आढळला.' हे वाक्य मी शेकडो प्रबंधांत वाचले आहे आणि दर वेळी माझा हात लाल पेनाकडे गेला आहे. उंदीर पडला कारण मेंदूतून मज्जारज्जूमार्गे स्नायूंना जाणारा ताण कमी झाला, असे असू शकते. त्याला झोप आली, असेही असू शकते. त्याचा तोल गेला असेल. त्याचे पोट दुखत असेल. अर्क विषारी असेल आणि उंदीर मरणाच्या वाटेवर असेल. किंवा त्याला पडणेच बरे वाटले असेल, कारण खाली पडले की पिंजऱ्यात परत जायला मिळते, हे तो काल शिकला असेल. शेवटची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. हुशार उंदीर खरोखर असे करतात.

हा गोंधळ नवा नाही. या विषयाचा सगळा इतिहासच त्याने व्यापला आहे, आणि त्याची सर्वांत मोठी गोष्ट आपल्याच मातीतल्या झुडपाची आहे.

आयुर्वेदाने झोपेला आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला बसवून शरीराचा उपस्तंभ मानले. चरकसंहितेत झोप आणणाऱ्या पदार्थांत म्हशीच्या दुधाला पहिला मान आहे. बुद्धीला हितकर म्हणून मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी या चौघींचा गट आहे. शुद्ध हरपलेल्याला शुद्धीवर आणणारा 'संज्ञास्थापन' गण वेगळा आहे आणि त्यात वेखंडाबरोबर जटिला, म्हणजे जटामांसी, येते. ज्या जटामांसीला आज आपण सरसकट 'झोपेचे औषध' म्हणतो, तिला त्या ग्रंथाने भान जागे करणाऱ्यांच्या पंगतीत बसवले आहे. जुन्या वर्गीकरणाला आजच्या शब्दांचे लेबल घाईने चिकटवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पुढे १५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ताने आपले संवाद छापले. त्यात भांग आहे, अफू आहे आणि चोर लोक अन्नात कालवतात तो धोत्राही आहे. तिन्ही माणसाला 'शांत' करतात आणि तिघांची शांतता एकमेकींशी मुळीच मिळत नाही. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधी गुणादर्श' आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'औषधीसंग्रह' यांनी ही सगळी सामग्री आपल्या भाषेत आणून ठेवली. माझ्या पिढीतल्या अनेकांची सुरुवात त्या जाड पुस्तकांनी झाली.

त्या झुडपाची, म्हणजे सर्पगंधेची, गोष्ट १९३१ पासून सांगतात. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यात या मुळीच्या चूर्णाने वाढलेला रक्तदाब उतरतो आणि हिंसक झालेले मनोरुग्ण निवतात, असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातून अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन म्हटले. पाठोपाठ कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांच्या चमूने प्राण्यांवर प्रयोग केले. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला आणि जगाने या झुडपाकडे मान वळवली. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या बाझेलच्या प्रयोगशाळेत रिसर्पिन वेगळे झाले. १९५४ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देत होते. बिहारकडे जिला लोक 'पागल की दवा' म्हणत, ती मुळी आधुनिक मनोविकारशास्त्राच्या दारात जाऊन उभी राहिली.

इथवरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि इथेच थांबतो. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते. रिसर्पिन दिलेला ससा विलक्षण 'शांत' होतो. पापण्या खाली येतात, अंग आक्रसते, ढकलला तरी हलत नाही. सगळे त्याला शामक परिणामाचा नमुना मानत होते. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसनने अशा प्राण्यांना एल-डोपा टोचले आणि ते उठून फिरू लागले. रिसर्पिनने त्यांच्या मेंदूतले डोपामीन रिकामे केले होते. तो प्राणी निवांत नव्हता. त्याला हलताच येत नव्हते. जी शांतता म्हणून मोजली गेली ती पार्किन्सनच्या आजाराची प्रतिकृती निघाली. कार्लसनला २००० साली नोबेल मिळाले आणि पार्किन्सनच्या रुग्णांना औषध मिळाले. आपल्या विषयाला मात्र एक कायमची टोचणी मिळाली. न हलणारा प्राणी शांत असतोच असे नाही.

स्नायूंच्या बाजूने आलेली वाटही अशीच वळणावळणाची. दक्षिण अमेरिकेतल्या बाणाच्या टोकाला लावायच्या क्युरारे विषाचा छडा क्लोद बर्नारने एकोणिसाव्या शतकात लावला. ते मेंदूला हात लावत नाही, मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे निरोप अडवते. १९४७ मध्ये एका अमेरिकन भूलतज्ज्ञाने स्वतःला पूर्ण क्युरारे टोचून घेतले, सहकाऱ्यांनी त्याचा श्वास हाताने चालू ठेवला, आणि नंतर त्याने सांगितले की पापणीही हलवता येत नव्हती, पण सगळे ऐकू येत होते आणि टोचलेले सगळे दुखत होते. शिथिल शरीर आणि टक्क जागे मन. याच्या उलट टोकाला फ्रँक बर्गरची कहाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये पेनिसिलिन टिकवणारे रसायन शोधताना त्याच्या हाती मेफेनेसिन लागले. ते दिलेले उंदीर कापडासारखे लुळे होत, पण डोळे उघडे आणि श्वास नियमित. बर्गरने १९४६ मध्ये या स्नायुशैथिल्याबरोबर प्राणी शांतही होतात हे टिपून ठेवले. त्याच धाग्यातून १९५५ मध्ये मेप्रोबामेट बाजारात आले. पुढे स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या बेंझोडायझेपिनांनी, १९६० मध्ये लिब्रियमने आणि १९६३ मध्ये व्हॅलियमने (म्हणजे डायझेपामने), सगळे मैदान मारले. ही औषधे मेंदूत कुठे बसतात ते १९७७ मध्ये कळले आणि मग प्रत्येक वनस्पतीला एकच प्रश्न विचारायची पद्धत पडली, की तू गाबा या मेंदूतल्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतेस का? प्रश्न चांगला आहे. पण तो एकच प्रश्न विचारत राहिलो तर सगळ्या वनस्पती डायझेपामच्या गरीब नातेवाईक वाटू लागतात.

आज या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी आहेत असे मला वाटते. पहिले रसायनवाल्यांचे. ते झाड सोलत सोलत एका रेणूपर्यंत जातात. रिसर्पिन हे त्यांचे दैवत. दुसरे अर्कवाल्यांचे. सबंध अर्क द्यायचा आणि प्राण्याचे वागणे पाहायचे, ही त्यांची रीत. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांतले बहुतेक काम या घराण्यातले, आणि स्पष्टच सांगायचे तर सर्वांत जास्त निकृष्ट कामही याच घराण्यातले. तिसरे घराणे उलट्या दिशेने चालते. शतकानुशतके माणसे जे घेत आली आहेत ते आधी माणसांतच काळजीपूर्वक पाहा, मग प्राण्यांकडे आणि पेशींकडे जा. डॉ. अशोक वैद्य यांनी या वाटेला 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' म्हटले आणि ती मुंबईत रुजली. त्याच शहरात, केईएममध्ये, डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदाच्या औषधांकडे आधुनिक औषधशास्त्राच्या डोळ्यांनी पाहणारी एक पिढी घडवली. 'फुलवा' वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की झाडांवर इतक्या प्रेमाने लिहिणारी ही बाई फार्माकॉलॉजीची प्राध्यापक होती? माझा कल तिसऱ्या घराण्याकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हे पुस्तक दुसऱ्या घराण्यासाठी लिहिले आहे, कारण दुरुस्तीची गरज तिथे आहे.

दुरुस्ती अगदी पहिल्या पायरीपासून करावी लागते. आपण तपासतो आहोत ती वनस्पती कोणती? शंखपुष्पी घ्या. उत्तरेकडे ती कॉन्व्होल्व्ह्युलस, आपल्याकडे बरेच जण विष्णुक्रांतेला शंखपुष्पी म्हणतात, केरळात गोकर्ण वापरतात, बंगालात कॅन्स्कोरा. चार वेगळ्या वनस्पती, आणि त्यातल्या तीन तर वेगवेगळ्या कुळांतल्या. ब्राह्मीची तीच कथा. एकाची ब्राह्मी दुसऱ्याकडे मंडूकपर्णी होते. काष्ठौषधीच्या दुकानातून पावकिलो पुडी आणून केलेला प्रयोग नेमका कशावरचा, हे देवच जाणे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मुंबईत सेंट झेवियर्सचे ब्लाटर हर्बेरियम आहे. तिथे नमुना दाखवून, दाबून, वाळवून, क्रमांक घेऊन ठेवायला दोन दिवस लागतात. पण दोन दिवस कोणाकडे नसतात. मग भाग कोणता, हा पुढचा प्रश्न. अश्वगंधेचे मूळ वापरायची आपली परंपरा. पण जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की तिच्या पानांतल्या ट्रायएथिलीन ग्लायकॉल या साध्या रसायनाने उंदरांना झोप लागते. जिच्या शास्त्रीय नावातच 'सोम्निफेरा', झोप आणणारी, असा शब्द आहे तिच्याही बाबतीत झोप नेमकी कुठून येते, यावर इतक्या उशिरा काम व्हावे!

दुसरी पायरी अर्काची, आणि इथे मला माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. पदव्युत्तर शिक्षणात मी एका वेलीच्या पानांचा अल्कोहोलमधला अर्क तपासत होते. निकाल डोळे दिपवणारे आले. सगळे उंदीर पाच-दहा सेकंदांत दांडीवरून खाली. मी आनंदाने आलेख काढायला बसले. आमच्या प्राणिगृहाचे काम मामा बघायचे; शिक्षण सातवी, अनुभव तीस वर्षे. त्यांनी एक उंदीर उचलून नाकाशी धरला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, औषध कसलं? हा तर झिंगलाय." अर्क मी पुरेसा सुकवला नव्हता. उरलेले अल्कोहोल उंदरांना चढले होते. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी तिसरा गट ठेवायला लावला. ज्यात अर्क विरघळवला ते द्रावण, अगदी तसेच, पण अर्काविना. डिंकाचे पाणी असो, ट्वीन असो, प्रोपिलीन ग्लायकॉल असो, त्याचे स्वतःचे काय म्हणणे आहे ते आधी ऐकायचे.

तिसरी पायरी चाचणीची, आणि सगळे पाणी इथे मुरते. झोपेची सर्वांत लाडकी चाचणी म्हणजे पेंटोबार्बिटोन. ते टोचल्यावर उंदीर पाठीवर पडतो. पुन्हा पायांवर उलटेपर्यंतचा वेळ म्हणजे झोप. अर्क दिल्यावर ती झोप लांबली की अर्क शामक, असा हिशेब. पण पेंटोबार्बिटोनचा निचरा यकृत करते. अर्काने यकृतातली एन्झाइमे दाबली तर औषध रक्तात रेंगाळते आणि झोप लांबते. मेंदूचा इथे काहीही संबंध नाही. उंदराच्या अंगाचे तापमान उतरले तरी झोप लांबते. एवढेच कशाला, पिंजऱ्यात अंथरलेल्या लाकडाच्या भुश्यानेही हे बदलते. १९६७ मध्ये दिसून आले की सीडरच्या भुश्यावर राहणाऱ्या प्राण्यांची एन्झाइमे वाढतात आणि झोप तुटते. आमच्याकडे भाताचे तूस अंथरतात, ते एका परीने बरेच. यावर उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही. यकृत जवळजवळ हात लावत नाही असे बार्बिटोन वापरून तीच चाचणी पुन्हा करायची. फरक टिकला तर बोला.

चाचण्यांची एकमेकींशी साक्ष जुळवणे हा या कामाचा कणा आहे. प्रकाशकिरण तोडण्याची संख्या मोजणाऱ्या अॅक्टोफोटोमीटरमध्ये हालचाल कमी झाली, पण दांडीवर उंदीर टिकला, तर तो सुस्त आहे, सैल नाही. दांडीवरून पडला, पण तारेला लोंबकळताना पुढच्या पंजांची पकड घट्ट, तर तोल गेला असेल. उंच ठेवलेल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या मार्गात उघड्या फांद्यांवर तो जास्त फिरला आणि एकूण हालचाल तेवढीच राहिली, तर खरोखर भीती कमी झाली असे म्हणायला जागा आहे. माझ्या मते तो एकच निकाल 'निवांत' या मराठी शब्दाच्या जवळ जातो. शिवाय बेंझोडायझेपिनांना अडवणारे फ्लुमाझेनिल देऊन परिणाम पुसला जातो का ते पाहता येते. एकाच चाचणीवर उभा असलेला प्रबंध एका पायाच्या खुर्चीसारखा असतो. बसायला जाऊ नये.

याहून अवघड म्हणजे, सगळे नीट केले तरी निकाल दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत तसाच येईल याची खात्री नसते. १९९९ मध्ये क्रॅब आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांत त्याच वाणाचे उंदीर, तीच उपकरणे, तीच वेळ ठेवून वर्तन मोजले. तरी प्रयोगशाळा बदलली की आकडे बदलले. २०१४ मध्ये तर असे दिसले की पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो. आणि आपण हे निशाचर प्राणी तपासतो कधी? सकाळी दहा ते पाच, कार्यालयीन वेळेत, म्हणजे त्यांच्या मध्यरात्री.

हे सगळे आत्ताच का लिहावेसे वाटले? कारण अश्वगंधा आता वैद्याच्या बरणीतून निघून रंगीत गमीच्या गोळ्यांत शिरली आहे. आयटीतली मुले रात्री अकराला लॅपटॉप मिटून ती चघळतात. डब्यावर 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असे छापलेले असते. त्यामागे माणसांवरच्या छोट्या चाचण्या असतात आणि त्यांच्यामागे उंदरांचे आकडे. म्हणून उंदराच्या आकड्याचे माणसात रूपांतर कसे होते ते एकदा करून पाहा. प्रबंधात मात्रा असते ४०० मिलिग्रॅम प्रति किलो. उंदराकडून माणसाकडे येताना साधारण १२.३ ने भागतात. म्हणजे किलोला साडेबत्तीस मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला जवळजवळ दोन ग्रॅम अर्क. दहा ग्रॅम मुळीतून एक ग्रॅम अर्क निघत असेल तर वीस ग्रॅम वाळलेली मुळी. एवढी कोण रोज खातो? हा भागाकार मी विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेत विचारते आणि बहुतेकांनी तो कधी केलेला नसतो.

झाडपाला आहे म्हणजे निरुपद्रवी, या समजाची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. पॅसिफिक बेटांवरचे कावा हे अंग सैल आणि मन हलके करणारे पेय. त्याच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींवरून जर्मनीने २००२ मध्ये त्यांना बंदी घातली आणि २०१४ मध्ये न्यायालयाने ती उठवली. वाद अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेची पूरक उत्पादने बंद केली. त्या निर्णयातल्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत. पण त्याला उत्तर द्यायचे तर चांगली, तपासता येण्यासारखी माहिती हवी, आणि ती आपल्याकडून यायला हवी होती. दुसरीकडे हिमालयातली जटामांसी उपटून उपटून इतकी विरळ झाली आहे की तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला. निरर्थक प्रयोगासाठी आणलेली प्रत्येक मुळी कुठल्यातरी उतारावरून आलेली असते.

आणि उंदीर? १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखालची समिती, १९९८ चे नियम, प्रत्येक संस्थेतली नीतिसमिती, हे सगळे आवश्यकच आहे. पदवीच्या वर्गातून जिवंत प्राणी जवळजवळ गेले आणि त्यांच्या जागी संगणकाच्या पडद्यावरचा उंदीर आला, याचे मला वाईट वाटत नाही. पण पडद्यावरचा उंदीर झिंगत नाही, आणि मामांसारखे कोणी त्याला नाकाशी धरूनही पाहत नाही. म्हणून ज्याला प्राणी वापरायची परवानगी मिळते त्याच्यावर जबाबदारी दुप्पट येते. वाईट आखलेला प्रयोग माझ्या दृष्टीने क्रूरताच आहे, मग कागदावर परवानगीचा शिक्का असो.

हे पुस्तक चाचण्यांची पाककृती देत नाही. तशी पुस्तके इंग्रजीत भरपूर आहेत आणि ती चांगली आहेत. प्रत्येक चाचणी काय मोजते असे वाटते आणि प्रत्यक्षात काय मोजते, यातले अंतर दाखवणे, एवढाच इथला प्रयत्न आहे. मराठीत लिहिण्याचे कारण भावनिक कमी आणि व्यावहारिक जास्त. शिथिल, सैल, सुस्त, गुंग यांतला फरक विद्यार्थी मराठीत चटकन सांगतात. इंग्रजीत त्या सगळ्यांना एकच शब्द लावून मोकळे होतात. संज्ञा मात्र वापरात आहेत त्याच ठेवल्या आहेत. रोटारॉडला 'परिभ्रमणदंड' म्हणून कोणाचे भले होणार नाही. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना काही पाने जास्त यांत्रिक वाटतील, फार्मसीच्या विद्यार्थ्यांना काही पाने जास्त जुनाट. दोघांनी एकमेकांची पाने ओलांडून जाऊ नयेत, एवढी विनंती.

ज्या वाचकांचा प्रयोगशाळेशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक शब्द. झोपेची, फिट्सची, थायरॉइडची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल आणि जोडीला कोणतेही 'शांत झोपेचे' चूर्ण घेत असाल, तर ते डॉक्टरांना सांगा. ते विचारणार नाहीत, कारण तुम्ही ते औषध समजत नाही आणि त्यांनाही तसेच वाटते. सांगताना डबा बरोबर न्या, नुसते नाव नको.

शेवटच्या प्रकरणात माझे आणि माझ्या विद्यार्थ्यांचे फसलेले प्रयोग आहेत, झिंगलेल्या उंदरांसह. ते छापायला एकही नियतकालिक तयार नव्हते. पुस्तक तिथून वाचायला घेतलेत तरी चालेल.